डूसबुर्खच्या रंगांमागे सात दिवस: उत्रेख्त ते म्यूदाँ

दिवस १, शनिवार: उत्रेख्त

तेओ फान डूसबुर्ख या नावाने उत्रेख्तच्या जन्मनोंदी चाळल्या तर काहीच हाती लागत नाही. ३० ऑगस्ट १८८३ रोजी या गावात जन्मलेल्या मुलाचं नाव होतं क्रिस्तियान एमिल मारी क्युपर. वडील विल्हेल्म क्युपर छायाचित्रकार होते. मुलाने मोठेपणी उचललं ते मात्र सावत्र वडिलांचं, तेओडोरस डूसबुर्ख यांचं नाव, आणि त्याच्या मध्ये 'फान' आपल्या पदरचा घातला. पुढे आणखी दोन नावं घेतली. कवितेसाठी ई. का. बोन्सेट आणि गद्यासाठी आल्दो कामिनी. चित्रकार, कवी, समीक्षक, संपादक, इमारतींच्या रंगयोजना करणारा असा हा एकच माणूस, आणि आयुष्य मिळालं जेमतेम ४७ वर्षांचं.

त्याचा समकालीन डच चित्रकार मोंद्रियान पाहायचा तर एक मोठं संग्रहालय पुरतं. डूसबुर्खचं तसं होत नाही. त्याचं मोलाचं काम दुसऱ्यांच्या घरांच्या दारांवर, ओसरीच्या फरशीत, शाळेच्या खिडक्यांत आणि एका नाचघराच्या छतावर आहे. ते रंग मालकांना किंवा राहणाऱ्यांना रुचले नाहीत की त्यावर दुसरा हात मारला जाई. त्यातलं जे पुन्हा खरवडून, शोधून उभं केलं आहे ते गावोगाव विखुरलेलं आहे. हा प्रवास त्यासाठी आखलेला. दोन देश, सात दिवस, सगळा आगगाडी-बसने.

उत्रेख्तमध्ये दोन ठिकाणं. सेंट्राल म्युझेयमकडे त्याची चित्रं आहेत, पण सगळी एकाच वेळी भिंतीवर नसतात. जाण्याआधी सध्या काय लावलं आहे ते संकेतस्थळावर पाहून घ्यावं. दुसरं ठिकाण रीटफेल्ड-श्रोडर घर. ते डूसबुर्खचं नाही. वास्तुकार खेरिट रीटफेल्डने ते १९२४ मध्ये त्रुस श्रोडर या बाईंसाठी आणि त्यांच्याबरोबरच बसून आखलं. तरी सुरुवात इथूनच करावी, कारण डूसबुर्ख आपल्या मासिकातून वर्षानुवर्षं जे कागदावर मांडत होता ते इथे हाताला लागतं. वरच्या मजल्यावर सरकत्या पडद्या आहेत. दिवसा सगळा मजला एक, रात्री ओढून घेतल्या की वेगवेगळ्या खोल्या. कोपऱ्यातली खिडकी उघडली की घराचा कोपराच नाहीसा होतो, कारण तिथे खांब नाही. दाखवणारा माणूस ती खिडकी उघडतो तेव्हा सगळे आपोआप एक पाऊल मागे सरकतात.

या घरात ठरावीक वेळेला थोडेच लोक सोडतात. शनिवार-रविवारची तिकिटं आधीच संपतात, तेव्हा निघण्यापूर्वी भारतातूनच घेऊन ठेवावीत. आत गेल्यावर पायात आवरण चढवायला लावतात आणि पाठीवरची पिशवी खाली ठेवावी लागते.

प्रवासाच्या खर्चाबाबत एकच सांगणं. नेदरलँड्समध्ये आगगाडी, बस, ट्राम सगळीकडे संपर्करहित बँक कार्ड चालतं. चढताना टेकवायचं, उतरताना पुन्हा टेकवायचं. चूक होते ती इथे: चढताना प्लास्टिकचं कार्ड टेकवलं आणि उतरताना तेच कार्ड भरलेला मोबाइल टेकवला, तर यंत्र त्यांना दोन वेगळी कार्डं समजतं आणि दोन अर्धवट प्रवास नोंदले जातात. पैसे जास्त कापले जातात आणि परत मागण्यात वेळ जातो. आगगाडीतून उतरून बसमध्ये चढतानाही एकदा बाहेर, एकदा आत, असं दोनदा टेकवायचं.

दिवस २, रविवार: द हेग

सोमवारी बहुतेक संग्रहालयं बंद, म्हणून द हेग रविवारी. कुन्स्टम्युझेयमची इमारत वास्तुकार बेर्लाखेची, १९३५ मध्ये उघडलेली, फिकट पिवळ्या विटांची. आत दे स्टाइलची, म्हणजे डूसबुर्खच्या त्याच नावाच्या मासिकाभोवतीच्या कलाकारांची, दालनं आहेत. मोंद्रियानचा एवढा मोठा संग्रह जगात दुसरीकडे नाही, त्यामुळे गर्दी त्याच्यापुढे असते. डूसबुर्खपुढे निवांत उभं राहता येतं.

दोन चित्रांना वेळ द्यावा. पहिलं, १९१७ सालचं 'रचना ९'. सुरुवात पत्ते खेळणाऱ्या माणसांच्या चित्रापासून झाली आणि कापत कापत उरले ते लहान-मोठे चौकोनी तुकडे. ही पायरी त्याच्याकडे नेहमी सापडते. गाय असो वा नाचणारा माणूस, तो आधी समोरची वस्तू काढी, मग तिच्यातली वळणं सरळ करी, मग जोडणाऱ्या रेषा काढून टाकी. शेवटच्या पायरीवर गाय उरत नाही, पण तिचं वजन कुठल्या पायावर आहे ते उरतं. मोंद्रियान निसर्गापासून दूर जात गेला तो समुद्र आणि झाडं घेऊन. डूसबुर्खने हे काम आराखड्यासारखं, टप्प्याटप्प्याने दाखवता येईल असं केलं आणि व्याख्यानांत तसंच शिकवलं.

दुसरं, 'विसंवादांची प्रतिरचना १६', १९२५. आकार १०० × १८० सेंटीमीटर. इथे सगळे पट्टे ४५ अंशांत कललेले. छापील प्रतीत हे चित्र गुळगुळीत, यंत्राने काढल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात हातभर अंतरावर उभं राहिलं की ब्रशचे फराटे दिसतात, पांढरा सगळीकडे एकच पांढरा नाही हे दिसतं. बाजूने, कडेच्या प्रकाशात पाहावं. समोरून लावलेल्या दिव्यात हे सगळं पुसलं जातं.

तिरप्या रेषेवरून मोंद्रियान आणि तो भांडले, असं सगळीकडे वाचायला मिळतं. ते फार सोपं करून सांगणं झालं. मोंद्रियानने १९२४ नंतर दे स्टाइलसाठी लिहिणं थांबवलं हे खरं, आणि तिरपी रेषा हे कारण दोघांनीही चर्चेत आणलं. पण खरा मतभेद याहून खोल होता. मोंद्रियानला चित्रात शांत, न हलणारा तोल हवा होता. डूसबुर्खला चित्रात काळ आणि हालचाल आणायची होती, इमारतीच्या उभ्या-आडव्या ओढीविरुद्ध रंगाला उभं करायचं होतं. म्हणून त्याने या चित्रांना 'प्रतिरचना' म्हटलं. हे पुढे फ्रान्समधल्या स्ट्रासबूरला, त्याचं नाचघर पाहिल्यावर, शंभर टक्के पटतं.

१० जानेवारी १९२३ रोजी याच गावात, हाखसे कुन्स्टक्रिंग या कलामंडळात त्याने आणि जर्मन कलाकार कुर्ट श्विटर्सने हॉलंडमधला पहिला दादा कार्यक्रम केला. दादा म्हणजे रूढ कलेची खिल्ली उडवणारी त्या काळची चळवळ. डूसबुर्ख व्यासपीठावर बसून, दादा म्हणजे काय, हे गंभीरपणे समजावत होता. श्विटर्स प्रेक्षकांत बसला होता. वक्ता पाणी प्यायला थांबला, तोच श्विटर्स कुत्र्यासारखा जोरात भुंकला. पियानोवर नेली फान मूर्सेल, डूसबुर्खची सहचरी, पुढे पत्नी. दे स्टाइलमधला चित्रकार विल्मोस हुझार याने आपली यांत्रिक नाचणारी आकृती आणली होती. या दौऱ्याचं भित्तिपत्रक संग्रहालयांत पाहायला मिळतं. काळ्या बारीक मजकुराच्या जंगलावरून लाल 'दादा' ही अक्षरं वेड्यावाकड्या दिशांनी धावतात. काटेकोर चौकोनवाला आणि हा गोंधळ घालणारा, दोन्ही एकच माणूस.

जेवणासाठी द हेगमध्ये सुरिनामी रोटी शोधावी. १८७३ पासून बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातून सुरिनामला नेलेल्या मजुरांचे वंशज पुढे हॉलंडला आले, त्यातले सर्वांत जास्त याच शहरात आहेत. चणाडाळीचं पुरण भरलेली मऊ रोटी, बटाट्याची मसालेदार भाजी, चवळीच्या लांब शेंगांची परतलेली भाजी, सोबत उकडलेलं अंडं. शाकाहारी हवी तर कोंबडी नको असं स्पष्ट सांगायचं, अंडंही वगळून देतात. पुरणपोळी खाणाऱ्याला ही रोटी तिखट बहीण वाटते. गल्ल्यावरच्या आजी भोजपुरी मिसळलेल्या हिंदीत चौकशी करतात, पण मराठी म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावं लागतं.

दिवस ३, सोमवार: लायडन आणि नोर्डवाइकरहाउट

लाकेनहाल संग्रहालय सोमवारी बंद असतं. तिथे डूसबुर्ख पाहायचा असेल तर हा दिवस आणि कालचा उलटवून चालणार नाही, वेगळा मंगळवार काढावा लागेल. पण या दिवसाचं खरं काम रस्त्यावरचं आहे.

पहिल्या महायुद्धात नेदरलँड्स तटस्थ होतं, तरी सैन्य सीमेवर खडं होतं. डूसबुर्ख १९१४ ते १९१६ सैन्यात होता. टिलबुर्खच्या बाजूला त्याला दोन माणसं भेटली: रेल्वेत नोकरी करणारा कवी आंटोनी कोक, आणि उत्तरेकडच्या द्राख्तन गावचा चांभार एव्हर्ट रिन्सेमा, तोही लिहिणारा. सैन्यातून सुटल्यावर तो लायडनला आला. १९१७ च्या ऑक्टोबरमध्ये 'दे स्टाइल'चा पहिला अंक निघाला. छपाई-प्रकाशन डेल्फ्टमध्ये, संपादकाचा पत्ता लायडनचा, कोर्ट गाल्खेवाटर ३. आजही गाल्खेवाटरच्या काठाने चालता येतं. पाणी, होड्या, विटांची घरं. मोठा फलक, तिकीटखिडकी अशी अपेक्षा ठेवू नये. स्टेशनपासून पायी दहा-पंधरा मिनिटं, तेवढ्यात समुद्राकडून वारा आला की छत्री उलटी होते. छत्रीपेक्षा टोपीचं जाकीट बरं.

दे स्टाइल ही संघटना होती असं समजून बरेच जण येतात. कार्यालय नव्हतं, सभासद यादी नव्हती, सगळे कधी एका खोलीत जमलेही नाहीत. होतं ते हे मासिक, आणि ते चालवणारा हा एक माणूस. पत्रं लिहायची, लेख मागायचे, कागदाचे पैसे उभे करायचे, भांडायचं, नवा माणूस शोधायचा. कारभाराचं बरंच ओझं त्याची दुसरी पत्नी लेना मिलियस हिने वेगळं झाल्यावरही उचललं. तिचं नाव फार कमी घेतलं जातं, ते घ्यायला हवं. पहिल्या अंकांवर हुझारचं लाकडी ठशाचं मुखपृष्ठ आहे, १९२१ पासून आकार आडवा झाला आणि लाल 'एन बी' या आद्याक्षरांवर काळ्या अक्षरांत नाव आलं. सगळे अंक आंतरजालावर स्कॅन करून मोफत ठेवलेले आहेत. निघण्यापूर्वी चाळून यावेत.

बोन्सेटची, म्हणजे डूसबुर्खचीच, 'घोडेस्वार' ही कविता त्यातच आहे. ती डच न येणाऱ्यालाही वाचता येते. मुख्य शब्द दोनच, 'स्टाप' म्हणजे पाऊल आणि 'पार्ट' म्हणजे घोडा. ते पुन्हा पुन्हा येतात, टापांसारखे. मग स्वर बदलू लागतो, स्टाप, स्टेप, आणि शेवटाकडे 'स्टिप' येतो. स्टिप म्हणजे ठिपका. घोडेस्वार लांब जाऊन ठिपका झाला. ही कविता सैनिकी दिवसांतली, १९१६ ची, छापली १९२१ मध्ये. चित्रात गायीचं जे केलं तेच इथे शब्दाचं केलं आहे. बोन्सेट म्हणजे संपादक स्वतःच, हे त्याच्या बऱ्याच मित्रांनाही कितीतरी काळ ठाऊक नव्हतं. 'इक बेन झोट', मी वेडा आहे, या डच वाक्याची अक्षरं हलवून ते नाव केलं असावं असा सर्वसाधारण समज आहे.

दुपारी लायडन स्टेशनवरून नोर्डवाइकरहाउटची बस. तिथे 'दे फोंक' हे घर आहे, लायडनच्या कारखान्यांत राबणाऱ्या मुलींना सुट्टीत राहता यावं म्हणून एमिली क्नापर्ट यांच्या पुढाकाराने १९१७-१८ मध्ये बांधलेलं. वास्तुकार याकोबस आउट. डूसबुर्खने दर्शनी भिंतीतल्या चकाकी दिलेल्या विटांच्या भौमितिक आकृत्या, दारांचे रंग आणि आतल्या ओसरीच्या फरशा केल्या. पिवळ्या, काळ्या, पांढऱ्या फरशा. नीट पाहिलं तर एकच आकृती फिरवून, आरशात धरल्यासारखी उलटवून पुढे नेली आहे. ती कुठे फिरली ते सापडायला वेळ लागतो आणि सापडल्यावर पुन्हा हरवते. आतून पाहायचं तर आधी विचारून जावं, अचानक जाऊन दार वाजवू नये. बाहेरून विटांचं काम रस्त्यावरूनही दिसतं.

आउट आणि डूसबुर्ख यांची मैत्री १९२१ मध्ये रॉटरडॅमच्या स्पांखन वसाहतीवरून तुटली. कामगारांच्या घरांसाठी डूसबुर्खने दारं-खिडक्यांच्या रंगांचा आराखडा दिला, आउटने बदल सुचवले, डूसबुर्खने कळवलं की घ्यायचा तर असाच्या असा, नाहीतर काहीच नको. आउटने काहीच न घेणं पसंत केलं. बाजू दोघांचीही समजते. घरं राहायला द्यायची होती ती आउटला, भाडेकरूंना तोंडही त्यालाच द्यायचं होतं. पण रंगयोजनेत एक दार बदललं की शेजारच्या चार खिडक्यांचा हिशेब कोसळतो, हेही खरं.

दिवस ४, मंगळवार: द्राख्तन

सगळ्या प्रवासात हा दिवस वगळायचा मोह होईल. वगळू नये.

द्राख्तनला रेल्वे नाही. उत्रेख्तहून झ्वोलाला, तिथून हेरेनफेन, मग बस. एकूण अडीच तास धरावेत. झ्वोलाच्या पुढे मार्गाला फाटा फुटतो, एक ग्रोनिंगनकडे, एक लेउवार्डनकडे. हेरेनफेन लेउवार्डनच्या फाट्यावर आहे. चुकीच्या गाडीत बसलात तर तास-दीड तास जातो, म्हणून डब्यावरची पाटी वाचूनच चढावं.

चांभार रिन्सेमामुळे डूसबुर्खची ओळख इथले वास्तुकार कोर्नेलिस रीन्क्स दे बूर यांच्याशी झाली. १९२१ मध्ये दे बूर सोळा घरांची एक वसाहत बांधत होते. रंगांचं काम डूसबुर्खला दिलं. त्याने विटेच्या भिंतीला हात लावला नाही. रंग फक्त लाकडावर, म्हणजे दारं, चौकटी, खिडक्या अशा ठिकाणी, आणि रंग तीनच: लाल, पिवळा, निळा. रस्त्यापलीकडे त्याच वेळी कृषी शाळा उभी राहत होती. तिला त्याने नारिंगी, हिरवा आणि जांभळा दिला. म्हणजे घरं मूळ रंगांत आणि समोरची शाळा त्यांच्या मिश्रणांत, रस्ता मध्ये. हे कागदावर वाचून लक्षात येत नाही. रस्त्याच्या मधोमध उभं राहून आधी डावीकडे, मग उजवीकडे पाहावं लागतं. शाळेच्या खिडक्यांसाठी शिशाच्या पट्ट्यांत बसवलेली रंगीत काचही त्याने आखली. तिच्यात शेतात राबणाऱ्या माणसांच्या आकृत्या आहेत, चौकोनांत उतरवलेल्या. शेतीच्या शाळेला शेतकरी, हा मान त्याने ठेवला.

गावाने या भागाला नाव पाडलं 'पापेखाइयनबुर्ट', पोपटवस्ती. कौतुकाने नव्हे. लवकरच रंगांवर दुसरे रंग चढले आणि पुढची साठेक वर्षं घरं चारचौघांसारखी राहिली. १९८८ मध्ये मूळ योजनेप्रमाणे ती पुन्हा रंगवली गेली. आज घरांत माणसं राहतात. खिडकीत कुंड्या, दारात सायकली. फोटो रस्त्यावरून काढावेत, बागेच्या फाटकाच्या आत जाऊ नये. त्यातलं एक घर फान डूसबुर्ख-रिन्सेमा घर म्हणून आतून पाहता येतं, त्याची वेळ गावातल्या संग्रहालयात विचारावी. आम्हाला दाखवणारे आजोबा स्वयंसेवक होते. त्यांनी बाहेरचं काही सांगण्याआधी आतलं एक दार उघडून त्याची कड दाखवली. दाराचा पृष्ठभाग एका रंगाचा, कड दुसऱ्या, चौकट तिसऱ्या. दार मिटलेलं असताना दिसणारी आकृती आणि उघडल्यावर दिसणारी वेगळी. घरातली माणसं दिवसभर दारं उघडतात-मिटतात, म्हणजे चित्र दिवसभर बदलत राहतं. एवढं बोलून त्यांनी ते दार तीनदा उघडून मिटलं.

पावसाचा दिवस होता. पाऊस थांबल्यावर भिजलेल्या विटांवर पिवळी दारं इतकी उठतात की कोरड्या उन्हातले फोटो नंतर फिके वाटतात. चहासोबत इथला साखरपाव, जाड साखरेचे खडे आणि दालचिनी घातलेला, लोणी लावून खावा. १९२३ च्या एप्रिलमध्ये श्विटर्सने दादा दौऱ्यातला शेवटचा कार्यक्रम याच लहान गावात केला. एव्हर्टचा भाऊ थेइस हाही चांभार आणि चित्रकार. पॅरिस, बर्लिनच्या जोडीने या चळवळीच्या नकाशावर एक चांभाराचं दुकान आहे.

दिवस ५, बुधवार: गाडीत

हा दिवस प्रवासाचा. उत्रेख्तला थांबणारी जर्मन वेगवान गाडी दक्षिणेला नेते. मानहाइम किंवा कार्लस्रूहला बदलून ओफेनबुर्ख, तिथून केल. केल हे सीमेवरचं शेवटचं जर्मन गाव, आणि २०१७ पासून तिथून 'डी' ट्राम राइन ओलांडून स्ट्रासबूरच्या ओम द फेर थांब्यावर सोडते. उद्या पाहायची ओबेत ही इमारत तिथून हाकेच्या अंतरावर. जर्मन गाड्यांना उशीर होतो आणि जोडगाडी चुकते, तेव्हा दोन गाड्यांत किमान पाऊण तास ठेवावा. शेंगेन व्हिसा वाटेतल्या जर्मनीसह तिन्ही देशांत चालतो, पण पासपोर्ट जवळ असू द्यावा, सीमेवर तपासतात.

जर्मनीतल्या वायमारला मुद्दाम गेलो नाही. १९२१ मध्ये डूसबुर्ख तिथे जाऊन राहिला, १९२२ मध्ये तिथल्या बाउहाउस या कलाशाळेच्या उंबरठ्याबाहेर त्याने स्वतःचा दे स्टाइल वर्ग चालवला आणि बाउहाउसचे विद्यार्थी तिथे येत. बाउहाउसचा प्रमुख ग्रोपियस याने त्याला शिक्षकाची जागा दिली नाही. बाउहाउस त्या काळात हस्तकला आणि भावनाप्रधान कलेकडून भूमितीकडे वळलं, त्यात या वर्गाचा वाटा किती यावर अजून वाद चालतो. याच काळात बोन्सेटच्या नावाने 'मेकानो' हे दादा पत्र निघालं. एक मोठा कागद घडी घालून, अंकांना रंगांची नावं: पिवळा, निळा, लाल, पांढरा. त्यावर साहित्याचा व्यवस्थापक बोन्सेट आणि दृश्यकलेचा मेकॅनिक फान डूसबुर्ख, असे दोघे वेगवेगळे छापले आहेत.

दिवस ६, गुरुवार: स्ट्रासबूर, ओबेत

प्लास क्लेबेर या चौकाची सबंध एक बाजू अडवून बसलेली अठराव्या शतकातली दगडी इमारत म्हणजे ओबेत. तळमजल्यावर दुकानं. वाट चुकते ती इथेच. लोक दुकानांतून फिरून बाहेर पडतात आणि वर काही आहे हे कळतच नाही. 'ओबेत १९२८' अशी लहान पाटी असलेलं दार शोधावं आणि जिन्याने वर जावं. प्रवेश विनामूल्य. दुपारीच उघडतं आणि आठवड्याचे सगळे दिवस नाही, म्हणून वार आणि वेळ पाहूनच मुक्काम ठरवावा.

होर्न बंधूंनी इमारतीचा हा भाग भाड्याने घेऊन करमणुकीचं केंद्र करायचं ठरवलं. काम १९२६ मध्ये सोफी टॉइबर-आर्प आणि हान्स आर्प या कलाकार जोडप्याकडे आलं. त्यांनी डूसबुर्खला बोलावून घेतलं. तिघांनी मिळून उपाहारगृह, चहाची खोली, बार, तळघरातलं नाचघर असं सगळं वाटून घेतलं. उद्घाटन १७ फेब्रुवारी १९२८. आज पाहायला मिळतात त्या पहिल्या मजल्यावरच्या तीन जागा: उत्सवगृह, मधला फोये-बार आणि सिनेमा-नाचघर.

क्रमाने पाहावं. आधी उत्सवगृह. इथे सगळं उभं-आडवं. भिंती आणि छत चौकोनांत वाटलेलं, छतात इनॅमलच्या पत्र्यांत बसवलेले उघडे दिवे. डोळा स्थिरावतो. तिथे दहा मिनिटं बसून मग फोये-बारमधून सिनेमा-नाचघरात जावं. पहिल्या पावलाला तोल गेल्यासारखं होतं. भिंतींवर आणि छतावर रंगाचे मोठे आयत ४५ अंशांत तिरपे धावतात, भिंत संपली तरी थांबत नाहीत, छतावर चढतात. खोलीचे कोपरे उभे आहेत, माणसं उभी आहेत, रंग मात्र कुणाचंच ऐकत नाहीत. द हेगमधलं ते १८० सेंटीमीटरचं चित्र इथे खोलीएवढं झालं आहे आणि आपण त्याच्या आत उभे आहोत.

जवळ जाऊन पाहायची गोष्ट म्हणजे हे रंग सपाट भिंतीवर मारलेले नाहीत. प्रत्येक आयत उठावदार आहे आणि दोन आयतांमध्ये पट्टी आहे. कारण अगदी व्यवहारी. दोन तेज रंग थेट शेजारी आले की एकाची झाक दुसऱ्यावर पडते आणि दोघांची कड थरथरते. मध्ये पट्टी आणि सावलीची रेघ आली की प्रत्येक रंग आपल्या जागी राहतो. चौकाकडच्या भिंतीत खिडक्या आहेत, तिथे रंगाला सलग जागा मिळाली नाही, हे डूसबुर्खला खुपलं होतं. ते आजही जाणवतं. जोर समोरच्या भिंतीवर आणि छतावर आहे. तिथला पहारेकरी येणाऱ्या प्रत्येकाला खुणेने सांगतो, बसा आणि वर पाहा. ऐकावं. हे छत नाचणाऱ्यांसाठी आणि बाकावर रेलून बसणाऱ्यांसाठी आखलेलं आहे. ढगाळ दिवशी दिवे लागलेले असतात तेव्हा राखाडी रंगांमधले फरक सर्वांत चांगले कळतात.

गिऱ्हाइकांना हे मानवलं नाही. उद्घाटनानंतर लगेच फेरफार सुरू झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एका पत्रात त्याने लिहिलं की लोकांना आपलं तपकिरी जग सोडवत नाही आणि नवं पांढरं जग ते हट्टाने नाकारतात. १९३८ पर्यंत हे सगळं दुसऱ्या सजावटीखाली गडप झालं. पुढे थरांखाली मूळ रंगांचे अवशेष सापडले, सिनेमा-नाचघर १९८५ मध्ये संरक्षित वास्तू ठरलं, त्याचं पुनरुज्जीवन १९९४ पर्यंत झालं, बाकीच्या दोन जागा २००६ मध्ये पूर्ण झाल्या. म्हणजे आपण पाहतो ते बरंचसं पुन्हा केलेलं आहे. तरी मोजमाप, कोन आणि रंगांचा क्रम त्याचा आहे, आणि या कामात तेच सर्वस्व आहे. डूसबुर्खचं एकच काम पाहायचं असेल तर ही खोली पाहावी.

बाहेर आल्यावर तार्त फ्लांबे खावी. पातळ पोळीवर आंबूस मलई आणि कांदा, भट्टीत भाजलेली. नेहमीच्या प्रकारात डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, 'सां लार्दों' म्हणून सांगितलं की वगळतात. कडा काळपट भाजलेल्याच चांगल्या. संध्याकाळच्या वेगवान गाडीने पॅरिस पावणेदोन तास.

दिवस ७, शुक्रवार: म्यूदाँ

पॅरिसच्या गार द लेस्त स्टेशनवरून मेट्रो ४ ने सें-मिशेल, तिथून म्यूदाँ या उपनगराकडे जाणारी आर-ई-आर सी ही लोकल गाडी. या मार्गाला खूप फाटे आहेत. 'व्हर्साय शातो रिव्ह गोश' असं लिहिलेल्याच गाडीत बसायचं आणि म्यूदाँ-व्हाल-फ्लरीला उतरायचं. सुट्टीच्या दिवसांत या मार्गावर दुरुस्तीची कामं निघतात, आदल्या रात्री पाहून ठेवावं. स्टेशनपासून चढ आहे.

र्यू शार्ल अँफ्रवा या शांत गल्लीत पांढऱ्या ठोकळ्यांचं एक घर, दारांना मूळ रंग. १९२९-३० मध्ये त्याने ते स्वतःसाठी आणि नेलीसाठी आखलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या दारांचे रंग ठरवणाऱ्याचं हे पहिलं स्वतःचं घर. उंच छताचा स्टुडिओ, वर गच्ची, आणि जागेवरच ओतलेलं काँक्रीटचं टेबल, जे कुणाला हलवून मांडणी बिघडवता येत नाही. डिसेंबर १९३० मध्ये ते राहायला आले. दम्याने तो आधीच खचला होता. फेब्रुवारी १९३१ मध्ये 'आब्स्ट्राक्स्यों-क्रेआस्यों' या अमूर्त कलाकारांच्या गटाची जुळवाजुळव झाली, त्यात तो होता, आणि ७ मार्चला स्वित्झर्लंडमधल्या दावोसमध्ये हृदय बंद पडून गेला. जानेवारी १९३२ मध्ये नेलीने 'दे स्टाइल'चा शेवटचा अंक त्याच्या स्मरणार्थ काढला. ती १९७५ पर्यंत याच घरात राहिली, आणि त्याची चित्रं, पत्रं, कागद सांभाळले. आज जे काही संग्रहालयांत आणि दफ्तरांत आहे त्यातलं फार मोठं तिच्यामुळे आहे.

घर आता डच सरकारकडे आहे आणि कलाकारांना काही महिने राहायला दिलं जातं. आत काम चालू असतं, त्यामुळे आधी पत्र पाठवून परवानगी मिळाली तरच जावं. नाही मिळाली तर गल्लीच्या पलीकडच्या पदपथावरून पाहावं. सकाळी दहाच्या सुमारास ऊन दर्शनी भागावर येतं. आम्ही गेलो तेव्हा वरची खिडकी उघडी होती आणि आतून कुणीतरी काहीतरी घासत असल्याचा आवाज येत होता.

वेळ उरला तर पुढे क्लामारला सोफी टॉइबर-आर्पने आखलेलं आर्प जोडप्याचं स्टुडिओ-घर आहे, शुक्रवार ते रविवार दुपारी उघडं असतं. जुन्या खडबडीत दगडाचं, रंग न दिलेलं. ओबेतमध्ये शेजारी शेजारी काम केलेल्या माणसांची दोन घरं चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. जाताना पाण्याची बाटली भरून घ्यावी, वाटेत दुकान नाही.